सर आशुतोष मुखर्जी : एका गणितज्ञाची कहाणी

हाजऱ्याचा चौक आपणां कोलकात्यातील मराठी मंडळींना नवा नाही. हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासात गणपतीला, नाटकाला किंवा गावाकडून आलेल्या पाहुण्याला भेटायला ज्याचे पाऊल पडले नाही असा मराठी माणूस या शहरात विरळाच. त्याच परिसरात आशुतोष कॉलेजची इमारत आहे. एकाच वास्तूत सकाळी जोगमाया देवी कॉलेज, दुपारी आशुतोष कॉलेज आणि सायंकाळी श्यामाप्रसाद कॉलेज भरते. म्हणजे पत्नी, पती आणि पुत्र अशा एका कुटुंबातील तिघांच्या नावांनी दिवसाचे तीन प्रहर वाटून घेतले आहेत. जवळच्या हमरस्त्यालाही आशुतोषांचेच नाव आहे. बदलीवर या शहरात आलो तेव्हा पहिली काही वर्षे मी या रस्त्याने रोज कचेरीत जात असे आणि हे आशुतोष मुखर्जी म्हणजे कोणी मोठे न्यायाधीश, श्यामाप्रसादांचे वडील, एवढेच जाणत असे. ते मुळात गणितज्ञ होते, आणि गणितज्ञ म्हणून जगण्याची सोय या देशात नव्हती म्हणून न्यायाधीश झाले, हे मला बऱ्याच उशिरा कळले. बी.ए.ला गणित घेऊन पुढे स्पर्धापरीक्षेच्या वाटेने सरकारी नोकरीत शिरलेल्या माझ्यासारख्याला ती हकीकत जरा जिव्हारी लागावी, यात नवल नाही.

आशुतोषांचा जन्म २९ जून १८६४ रोजी कलकत्त्यातील बहुबाजारात झाला. वडील गंगाप्रसाद मुखोपाध्याय हे डॉक्टर. आई जगत्तारिणी देवी. कुटुंब पुढे भवानीपुरात स्थायिक झाले आणि तेथील साउथ सबर्बन शाळेत मुलाचे शिक्षण झाले. गंगाप्रसादांनी मुलाच्या अभ्यासाकडे इतके लक्ष पुरवले की आजच्या भाषेत त्याला अतिरेकच म्हणावे लागेल. मुलगाही तसाच निघाला. १८७९ मध्ये तो एन्ट्रन्स परीक्षेत विद्यापीठात दुसरा आला आणि प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाला. अतिअभ्यासाने मध्यंतरी त्याची प्रकृती ढासळली. पण विद्यार्थिदशेतच त्याने असे काही केले की ज्याची अपेक्षा त्या काळी हिंदुस्थानातील विद्यार्थ्याकडून कोणी करीत नसे.

युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातील पंचविसावा सिद्धांत आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत शिकला असेल. दोन त्रिकोणांच्या दोन-दोन बाजू परस्परांशी समान असतील, पण एकाचा पाया दुसऱ्याच्या पायापेक्षा मोठा असेल, तर मोठ्या पायासमोरचा कोनही मोठा असतो. या सिद्धांताची एक नवी सिद्धता या मुलाने शोधून काढली आणि ती केंब्रिजच्या 'मेसेंजर ऑफ मॅथेमॅटिक्स' या नियतकालिकात १८८१ मध्ये छापून आली. सिद्धांत दोन हजार वर्षांचा जुना, सिद्ध करणारा मुलगा सोळा-सतरा वर्षांचा. कलकत्त्याहून केंब्रिजला पत्र पोचायला तेव्हा तीन-चार आठवडे लागत.

त्यानंतरची सात-आठ वर्षे म्हणजे आशुतोषांच्या आयुष्यातील खरी गणिताची वर्षे. १८८४ मध्ये ते बी.ए. झाले, १८८५ मध्ये गणित घेऊन एम.ए., आणि पुढच्याच वर्षी भौतिकशास्त्रातही एम.ए. फ्रेंच गणितज्ञांचे ग्रंथ मुळातून वाचता यावेत म्हणून ते फ्रेंच शिकले. १८८६ मध्ये त्यांना प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळाली. हे प्रेमचंद रायचंद म्हणजे मुंबईच्या शेअरबाजाराचे बादशहा, ज्यांच्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला तेच. कापसाच्या सट्ट्यात मिळवलेल्या मुंबईच्या पैशाने बंगालमधील एक गणिती शिकला, ही गोष्ट आपण मुंबईकडच्या मंडळींनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्याच वर्षी एडिंबरोच्या रॉयल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले. वय बावीस.

त्यांनी केले तरी काय, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही. चरित्रकार बहुधा येथे प्रशस्तिपत्रांची यादी देऊन मोकळे होतात. मी माझ्या कुवतीप्रमाणे एक उदाहरण देतो.

विवृत्त, अन्वस्त आणि अपास्त, म्हणजे शंकू निरनिराळ्या प्रकारे कापला असता मिळणारे वक्र, आपण कॉलेजात शिकलो. मोंज या फ्रेंच गणितज्ञाने या सर्व वक्रांना एकाच वेळी लागू पडणारे एक विकल समीकरण शोधून काढले होते. समीकरण बरोबर होते; पण त्याचा भूमितीच्या दृष्टीने अर्थ काय, हे नीट सांगता येत नव्हते. सरळ रेषेचे विकल समीकरण म्हणजे तिला कोठेही वक्रता नाही एवढेच विधान. वर्तुळाचे समीकरण म्हणजे त्याची वक्रता सर्वत्र सारखी आहे हे विधान. मग सर्व शंकुच्छेदांचे समीकरण कोणते विधान करते? इंग्लंडमध्ये यावर चर्चा झाली होती, काही अर्थ सुचवलेही गेले होते. आशुतोषांनी ते अपुरे असल्याचे दाखवून आपले उत्तर बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मांडले.

ते साधारणपणे असे. कोणत्याही वक्रावर एक बिंदू घ्या आणि तेथे स्पर्शिका काढा. त्या स्पर्शिकेला समांतर अशा जवळजवळच्या जीवा काढून त्यांचे मध्यबिंदू जोडत त्या बिंदूपर्यंत या. त्यातून एक दिशा मिळते, एक रेषा मिळते. वक्रावरून बिंदू पुढे सरकला की ही रेषाही फिरते आणि तिच्यावरचा एक ठराविक बिंदू स्वतःचा असा एक दुसराच वक्र रेखत जातो. विवृत्ताच्या बाबतीत मात्र गंमत होते. तेथे अशी प्रत्येक रेषा विवृत्ताच्या मध्यातूनच जाते, म्हणून तो दुसरा वक्र आकसून एका बिंदूएवढा होतो आणि त्याची वक्रतात्रिज्या शून्य ठरते. मोंजचे समीकरण नेमके हेच सांगत होते. हे वाचताना मला कचेरीतील एखादे जुने, किचकट परिपत्रक आठवले. वर्षानुवर्षे सर्वजण त्याप्रमाणे आकडे भरतात, आणि एक दिवस कोणीतरी तरुण कारकून उठून ते कशासाठी आहे हे दोन वाक्यांत सांगतो. तुलना फार थोर नाही, पण आनंद त्याच जातीचा असावा.

एकाच नाभीच्या जोडीवर बेतलेल्या विवृत्तांना ठराविक कोनात छेदत जाणाऱ्या वक्राचा प्रश्न मैनार्दी या इटालियन गणितज्ञाने सोडवला होता. त्याचे उत्तर इतके अवजड होते की त्यावरून तो वक्र डोळ्यांपुढे उभा राहणे कठीण. आशुतोषांनी ते सुटसुटीत रूपात आणले. हे शुद्ध गणित झाले. द्रवपदार्थांच्या गतीची समीकरणे हा उपयोजित गणिताचा प्रांत. त्यातही त्यांनी लेख लिहिला. बहुबाजारात डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी स्थापन केलेल्या विज्ञानसंस्थेत ते गणितावर व्याख्यानेही देत.

आणि येथेच ही कहाणी वळण घेते. या माणसाला आयुष्यभर गणितात संशोधन करायचे होते, आणि त्यासाठी पोटापुरते वेतन देणारी एकही योग्य जागा कलकत्त्यात नव्हती. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तिन्ही विद्यापीठे १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाली होती. त्यांचे काम परीक्षा घेणे आणि पदव्या देणे. शिकवायचे ते कॉलेजांनी. आणि नवे ज्ञान निर्माण करणे हे कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते. शिक्षणखात्याचे प्रमुख सर आल्फ्रेड क्रॉफ्ट यांनी आशुतोषांना सरकारी शिक्षणसेवेत जागा देऊ केली. त्या सेवेत युरोपियन प्राध्यापकाचा दर्जा एक आणि हिंदी प्राध्यापकाचा दुसरा, शिवाय बदलीची टांगती तलवार. आशुतोषांनी समान दर्जा मागितला, तो मिळेना, आणि त्यांनी जागा नाकारली. पुढे कुलगुरू झालेले न्यायमूर्ती गुरुदास बॅनर्जी यांनी त्यांच्यासाठी विद्यापीठात संशोधनाचे एक अध्यासन निर्माण करता यावे म्हणून देणग्या मिळवण्याची खटपट केली. तीही फळली नाही. एवढ्या श्रीमंत शहरात, जेथे लग्नाच्या वरातींवर लाखांनी खर्च होत असे, एका गणितज्ञाच्या वेतनाइतका निधी जमला नाही.

आशुतोष वकिलीकडे वळले. १८८८ मध्ये ते उच्च न्यायालयात वकील झाले, १८९४ मध्ये कायद्याचे डॉक्टर, आणि १९०४ मध्ये न्यायाधीश. त्यांचा शंकुच्छेदांवरील भूमितीचा ग्रंथ १८९३ मध्ये निघाला, परंतु नवे संशोधन जवळजवळ थांबले. हा निर्णय योग्य होता की नाही याची चर्चा आपण घरबसल्या करू नये. घरात लग्न झालेले, मुले होऊ लागलेली. आणि तत्त्वासाठी सरकारी जागा नाकारून झालेली. वकिली हा त्यातला मानाचा मार्ग होता. तरी मन हळहळते. त्याच सुमारास आपले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजला जाऊन १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले आणि परत येऊन फर्ग्युसन कॉलेजात तुटपुंज्या वेतनावर गणित शिकवू लागले. पुण्यात त्यागी प्राध्यापकांची एक संस्था होती, कलकत्त्यात तशी नव्हती. आशुतोष तर आयुष्यात कधी विलायतेस गेलेच नाहीत. आईला मुलाने समुद्र ओलांडणे पसंत नव्हते आणि तिची इच्छा त्यांना व्हाइसरॉयच्या इच्छेहून मोठी वाटे, असे बंगाली घरांतून आजही सांगतात.

परंतु जी गोष्ट आपल्याला मिळाली नाही ती पुढच्यांना मिळाली पाहिजे, हे त्यांनी मनाशी पक्के धरले होते असे त्यांच्या पुढील वर्तनावरून दिसते. वयाच्या पंचविशीच्या आतच, १८८९ मध्ये, ते विद्यापीठाचे फेलो झाले होते. लॉर्ड कर्झनने १९०४ मध्ये विद्यापीठांचा कायदा आणला. त्यावर कायदेकौन्सिलात नामदार गोखले यांनी किती कडवा विरोध केला हे आपण शाळेत वाचले आहे. त्या वेळी आशुतोषही त्याच कौन्सिलात होते. गोखले स्वतः फर्ग्युसनमधील गणिताचे प्राध्यापक, अंकगणिताच्या पुस्तकाचे कर्ते. आशुतोषांनीही शाळांसाठी अंकगणित लिहिले. दोन गणितशिक्षक एका विधेयकापुढे बसलेले होते. गोखल्यांना त्यात सरकारी पकड दिसली आणि ती खरीच होती. पण विद्यापीठाने स्वतः प्राध्यापक नेमावेत आणि संशोधन करावे, अशी परवानगी देणारे एक कलमही त्यात होते. १९०६ मध्ये कुलगुरू झाल्यावर आशुतोषांनी तेच कलम हाती धरले. साहेबाच्या नियमातील एक ओळ पकडून तिच्यावर संपूर्ण इमारत कशी उभी करावी, हे सरकारी नोकरांनी त्यांच्याकडून शिकावे!

१९०६ ते १९१४ ते सलग कुलगुरू होते. कुलगुरुपद बिनपगारी, दिवसभर न्यायासनावर बसायचे आणि सायंकाळी सिनेट हाउसमध्ये. ६ सप्टेंबर १९०८ रोजी त्यांनी कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटी स्थापन केली आणि अखेरपर्यंत तिचे अध्यक्षपद सांभाळले. आदल्याच वर्षी मद्रासकडे रामस्वामी अय्यर यांनी ॲनालिटिक क्लब काढला होता, तीच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली. तिचे ग्रंथालय पुण्याला फर्ग्युसनमध्ये परांजप्यांच्या देखरेखीखाली राहिले. कलकत्त्याच्या सोसायटीचे बुलेटिन १९०९ पासून निघू लागले. त्याच वर्षी त्यात श्यामादास मुखोपाध्याय यांचा सिद्धांत प्रसिद्ध झाला : कोणत्याही साध्या, बंदिस्त, अंडाकृती वक्रावर वक्रतेची किमान चार टोके असतात. जगभरच्या भूमितीच्या ग्रंथांत तो आजही शिकवला जातो. तो प्रथम या शहरात छापला गेला, हे किती कोलकातावासीयांना ठाऊक असेल?

मग आले सायन्स कॉलेज. सरकार पैसे देईना, म्हणून आशुतोषांनी दोन वकिलांना गाठले. सर तारकनाथ पालित यांनी १९१२ मध्ये सुमारे पंधरा लाखांची जमीन व रोकड दिली, सर रासबिहारी घोष यांनी १९१३ मध्ये दहा लाख. अट एवढीच की प्राध्यापक हिंदी असले पाहिजेत. हे रासबिहारी घोष म्हणजे १९०७ च्या सुरत काँग्रेसचे अध्यक्ष, ज्यांच्या व्यासपीठावर तो प्रसिद्ध पुणेरी जोडा येऊन पडला. त्यांनी आपल्या प्रांतावर राग धरला असता तरी चालण्यासारखे होते. २७ मार्च १९१४ रोजी कॉलेजची कोनशिला बसली. घोषांच्या देणगीतून उपयोजित गणिताचे अध्यासन निघाले व त्यावर गणेश प्रसाद आले. उच्च गणितासाठी हार्डिंज अध्यासन होते. त्यावर प्रथम इंग्लंडचे डब्ल्यू. एच. यंग आले आणि पुढे, १९२३ मध्ये, हेच गणेश प्रसाद. ज्या शहरात एक जागा निघाली नव्हती तेथे शुद्ध आणि उपयोजित गणिताचे दोन स्वतंत्र विभाग उभे राहिले.

माणसे निवडण्याची त्यांची हातोटी विलक्षण. चंद्रशेखर वेंकट रामन तेव्हा कलकत्त्यात अर्थखात्यात हिशेबाधिकारी होते. कचेरी सुटल्यावर बहुबाजारच्या विज्ञानसंस्थेत प्रयोग करीत बसायचे. आशुतोषांनी त्यांना पालित अध्यासन देऊ केले. देणगीपत्रात परदेशी प्रशिक्षणाची अट होती. रामन त्यासाठी जाण्यास राजी नव्हते. आशुतोषांनी ती अडचण दूर केली. रामन अधिक पगाराची सरकारी नोकरी सोडून १९१७ मध्ये विद्यापीठात आले. आमच्या खात्याने या देशाला दिलेले सर्वोत्तम राजीनामापत्र ते हेच, असे मी नेहमी म्हणतो. सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा हे १९१५ च्या एम.एस्सी.तील मिश्र गणिताचे पहिले व दुसरे. दोघांनाही १९१६ मध्ये आशुतोषांनी व्याख्याते म्हणून घेतले. गणेश प्रसादांशी जमेना म्हणून ते दोघे भौतिकशास्त्राकडे सरकले. १९२० मध्ये आइन्स्टाइनच्या सापेक्षतेवरील लेखांचा इंग्रजी अनुवाद या जोडीने केला आणि तो कलकत्ता विद्यापीठाने छापला.

आपल्याकडची माणसेही त्यांनी ओळखली. धर्मानंद कोसंबी १९०६ च्या सुमारास येथे आले व विद्यापीठात पाली शिकवू लागले. पण त्यांचे मन महाराष्ट्राकडे होते. सयाजीराव गायकवाडांनी महाराष्ट्रात राहून काम करण्याच्या अटीवर महिना ५० रुपये देऊ करताच कलकत्त्याचे अधिक वेतन सोडून ते निघून गेले. त्यांचे चिरंजीव दामोदर पुढे गणितज्ञ झाले. उलट रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे पुत्र देवदत्त १९१७ मध्ये कारमायकेल प्राध्यापक म्हणून आले आणि १९३६ पर्यंत त्या जागी राहिले. परत जाणारे आणि राहून गेलेले, अशी दोन्ही प्रकारची मराठी माणसे या शहराने तेव्हाही पाहिली होती. आपल्या मंडळाच्या सभासदांच्या यादीतही ती दोन्ही आहेत.

घरगुती आयुष्याविषयी एकच सांगतो. त्यांची लाडकी मुलगी कमला लहानपणीच विधवा झाली. १९०८ मध्ये त्यांनी तिचा पुनर्विवाह करून दिला. सनातनी समाज खवळला. पुण्यात फर्ग्युसनचे आणखी एक गणिताचे प्राध्यापक, धोंडो केशव कर्वे, याच प्रश्नासाठी बहिष्कार सोसत होते. दैव असे की कमलेचा दुसरा पतीही वर्षभरात वारला आणि १९२३ मध्ये तीही गेली. बंगालचा वाघ म्हणून ज्यांचे भरघोस मिशांचे चित्र सर्वत्र दिसते, त्यांच्या मागे हे दुःख होते.

त्यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. विभाग भराभर वाढवले, परीक्षा सैल केल्या, खर्चाचा मेळ राखला नाही; जदुनाथ सरकारांसारखे इतिहासकारही टीकाकारांत होते. हिशेबाच्या खात्यात हयात घालवल्यामुळे मला हे आक्षेप निराधार म्हणवत नाहीत. १९२१ मध्ये ते पुन्हा कुलगुरू झाले तेव्हा तिजोरीत तूट होती आणि शिक्षकांचे पगार भागवणे अवघड झाले होते. सरकारने १९२२ मध्ये अडीच लाख रुपये देऊ केले, परंतु खर्चावर आपला ताबा राहावा अशा अटींसह. आशुतोषांनी सिनेटपुढे उभे राहून ते नाकारण्याचा आग्रह धरला. अटी वाचल्या तर त्यांतल्या काही मी स्वतःही लेखापरीक्षक म्हणून घातल्या असत्या. पण ज्याने समान दर्जासाठी विशीत नोकरी नाकारली, तो साठीला येऊन विद्यापीठ गहाण टाकील हे संभवनीय नव्हते. १९२३ मध्ये गव्हर्नर लॉर्ड लिटन यांनी सरकारशी जुळते घेण्याच्या बोलीवर कुलगुरुपद पुढे चालू ठेवण्याची तयारी दाखवली. आशुतोषांनी सडेतोड पत्र लिहून ते झिडकारले.

न्यायासनावरून निवृत्त झाल्यावर ते डुमराव संस्थानच्या दाव्यासाठी पाटण्याला गेले आणि तेथेच २५ मे १९२४ रोजी, साठी पुरी होण्यास महिना उरला असता, अकस्मात वारले. पार्थिव रेल्वेने कलकत्त्यास आणण्यात आले. त्यांनी नेमलेले सत्येंद्रनाथ बोस तेव्हा ढाक्याला होते. त्यांनी आपला एक छोटासा लेख बर्लिनला आइन्स्टाइनकडे धाडला, त्या सोबतच्या पत्रावर ४ जून १९२४ ही तारीख आहे. आशुतोषांना जाऊन तेव्हा दहा दिवस झाले होते.

आशुतोषांचा ८०,००० हून अधिक ग्रंथांचा संग्रह कुटुंबीयांनी राष्ट्राला दिला. अलिपूरच्या बेल्व्हेडिअरमधील राष्ट्रीय ग्रंथालयात तो स्वतंत्र ठेवलेला आहे. त्यात कायदा आहे, इतिहास आहे, आणि गणितही भरपूर आहे. मंडळातील ज्या मुलामुलींचा गणिताकडे ओढा आहे त्यांना एखाद्या सुटीत तेथे घेऊन जावे, अशी माझी सूचना कार्यकारिणीपुढे आहे. परतताना बहुबाजारला भीम नागांच्या दुकानी थांबावे. आशुबाबूंना तेथला संदेश फार प्रिय होता, आणि त्यांच्या नावाचा एक प्रकार तेथे निघाला असे सांगतात.